पंपात कचरा नव्हता

गेल्या मे महिन्यात विजू गावी आला होता. विजू म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, शालनचा मुलगा. आता तोही नोकरीतून निवृत्त झाला आहे. संध्याकाळी नातवंडांना घेऊन तो बाजाराच्या वाटेने फिरायला निघाला, तेव्हा काठी टेकत मीही बरोबर गेलो. वळणावर, जिथे आज मोबाइलचं दुकान आहे, तिथे तो थांबला आणि मुलांना म्हणाला, "इथे एक मेकॅनिक होता. दारुडा. त्याने गाडीचा पंप नीट साफ केला नाही, आणि म्हणून माझी आई वेळेवर दवाखान्यात पोचली नाही."

मुलांनी दुकानाकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

त्या मेकॅनिकचं नाव बस्त्याव. तो दिवसा कधी प्यायला नाही. पंप त्याने चोख साफ केला होता. हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि त्या वळणावरही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून लिहायला बसलो.

बस्त्याव मेस्त्री आमच्याच गावचा, ख्रिस्तांववाड्यातला. तरुणपणी म्हापशाला एका गॅरेजात राहून तो मोटारींचं काम शिकला आणि लग्नानंतर परत आला. वळणावरच्या फणसाखाली त्याने माडाच्या झापांची खोप उभारली होती. आत एक लाकडी पेटी, भिंतीला टांगलेले जुने टायर आणि एका कोनाड्यात सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, तसबीर. माणूस उंच, पाठीत थोडा वाकलेला. हात एवढे मोठे की पाना त्याच्या मुठीत दिसायचाच नाही. आवाज मात्र बारीक, आणि तोंड अखंड चालू. मालवणपासून सावंतवाडीपर्यंत आपल्यासारखा मेस्त्री नाही, असं तो स्वतःच सांगायचा, दिवसातून निदान एकदा. ऐकणारा हसला तर रागवायचा.

त्या काळी आमच्या भागात मोटारी मोजक्या होत्या. त्यातली एक माझ्या काकांची. काकांना सगळे आबा म्हणत. त्यांचा आंब्यांचा आणि लाकडाचा व्यापार होता. गाडी युद्धाआधीची, कुठल्याशा संस्थानिकाच्या पदरची, रया गेलेली. आबांनी ती बेळगावहून आणली, आणि मी मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर तिचं चाक माझ्या हाती दिलं. बस्त्यावशी माझा संबंध आला तो असा. गाडी जुनी, हवा खारी. महिन्यातून एकदा तरी ती हटून बसायचीच.

बस्त्यावची तऱ्हा अशी की गाडी बंद पडली म्हणून बोलावलं तर तो आधी बॉनेट उघडत नसे. फूटबोर्डवर बसायचा, विडी कानामागून काढून न पेटवताच तोंडात धरायचा आणि विचारायचा, "काल काय केलंस?" काल गाडी कुठे नेली, कुठे उभी केली, शेवटची बंद केली तेव्हा खोकत बंद झाली की गपकन, कोण बसलं होतं, काय लादलं होतं, घरी आल्यावर तिला कोणी हात लावला. ड्रायव्हर लोक वैतागायचे. एकदा कुडाळचा एक टॅक्सीवाला म्हणाला, "मेल्या, आधी उघडून तरी बघ." बस्त्याव जागचा हलला नाही. म्हणाला, "डॉक्टर आधी पोट फाडता आणि मगे इचारता काय, काय खाल्लंस म्हणान?"

त्याच्या मते गाडी तीनच कारणांनी अडते. पेट्रोल, करंट आणि डायवराचं तोंड. आणि बहुतेक वेळा तिसऱ्यानेच, म्हणून सुरुवात तिथून करायची. पेट्रोलात कोणी रॉकेल मिसळलं असेल अशी शंका आली तर तो बोट बुडवून जिभेला लावायचा, थुंकायचा आणि ड्रायव्हरकडे नुसता बघायचा. पण विचारायचं ते एकदाच, हा त्याचा नियम. मी एकदा त्याला म्हटलं की लोक खोटं सांगतात, दोनदा विचारायला काय जातं? तो म्हणाला, "दोनदा इचारलंय तर माणूस खोट्याची तयारी करता. एकदा इचारूचा आणि जो काय सांगात तेच्यार इश्वास ठेवूचो. नायतर इचारूचाच कित्याक?"

लाकडाच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याची गाडी नेहमी एकाच ठिकाणी बंद पडायची. गावापासून दोन-तीन कोसांवर एक वळण आहे, तिथे मोठा वड आहे, आणि त्या वडाबद्दल लोक आधीपासूनच बोलत. गाडी तिथे अडली की व्यापारी उतरून नारळ फोडायचा, ड्रायव्हर टाकीचं झाकण उघडून काठीने पेट्रोल मोजायचा, आणि मग गाडी सुरू व्हायची. नारळाने काम होतं यात कोणाला शंका उरली नव्हती. शेवटी नारळांचा खर्च फार झाला म्हणून त्याने बस्त्यावला बोलावलं. बस्त्याव ड्रायव्हरला घेऊन फूटबोर्डवर बसला. पावसाळ्यात झाकणातून पाणी आत जातं म्हणून ड्रायव्हरने झाकणाचं बारीक भोक मेणाने बुजवलं होतं, आणि मालक ओरडेल म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. भोक बंद, म्हणून टाकीत हवा जात नाही. हवा नाही म्हणून थोड्या वेळाने पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. बस्त्यावने टाचणीने मेण काढलं. व्यापाऱ्याला तेही पटलं आणि वडही सोडवेना. तेव्हा बस्त्याव म्हणाला, "नारळ फोडा हो, माझा काय जाता? फक्त भोक उघडा ठेवा." तो व्यापारी पुढे कित्येक वर्षं गाडी न अडताही तिथे उतरून नारळ फोडत होता.

आता बस्त्याव चुकलेला प्रसंग. तो सांगणं जास्त गरजेचं आहे. आमच्या चर्चच्या पाद्रींची मोटारसायकल होती. ती एकाएकी सुरू होईना. पाद्री म्हणजे खोटं बोलणारा माणूस नव्हे, त्यांनी सगळं नीट सांगितलं. बस्त्यावने मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, गेल्याचं ठामपणे जाहीर केलं, तो काढून बेळगावला पाठवला, तिथून तो ठणठणीत असल्याचा निरोप आला, तरी हा म्हणतो बेळगाववाल्यांना कळत नाही. पाद्री कितीतरी दिवस उन्हातून पायी फिरले. मग एके दिवशी बस्त्यावला सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर सापडलं. काडीने उकरल्याबरोबर मोटारसायकल सुरू झाली. कोणी पाहिलं नव्हतं. गुपचूप राहता आलं असतं. पुढच्या रविवारी मिसा संपल्यावर हा चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना त्याने सांगितलं, "पाद्रीचो मॅग्नेटो बरो होतो. माझी अक्कल बिघडली होती." त्याची बायको कातरीन शरमेने तोंड झाकून पुढे निघून गेली. तो मात्र बाजारातही दोन दिवस ते सांगत फिरला, आपल्या बढाया सांगायचा तशाच सुरात.

त्यामुळे गावाला एक ठाऊक झालं होतं. बस्त्याव फुशारकी मारील, भांडेल, संध्याकाळी थोडी घेईल, पण चुकला तर चुकलो म्हणेल.

आमच्या घरी त्याचं येणंजाणं घरच्यासारखं होतं, आणि नव्हतंही. माझी काकी त्याला चहा द्यायची तो वेगळ्या कपात. तो कप खिडकीत पालथा असायचा. बस्त्याव आल्यावर तो स्वतः उचलून धुवायचा आणि हाक मारायचा, "वयनी, माझो कप कसो आसा? बरो आसा मां?" काकी हसायची, आणि हसता हसता तिची नजर खाली जायची. त्याला मूलबाळ नव्हतं. शालन लहान होती तेव्हा त्याने तिला जुन्या बेअरिंगचा भोवरा करून दिला होता, आणि ती त्याच्या पेटीतले पाने लहानमोठे असे ओळीने लावून ठेवायची. तिच्या लग्नात गाडी सजवायचं काम त्याने कोणाला करू दिलं नाही.

शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा मुंबईला नोकरीत. काकीचं ते एकच मूल. काकी तिच्यासाठी देवळात कौल घ्यायला गेली, तेव्हा देवाला लावलेल्या कळ्यांपैकी होकाराची उजवीकडची काही केल्या पडेना आणि नकाराची डावीकडची पडली. काकी घाबरून घरी आली. कोणी वडीलधाऱ्या माणसाने तिला सांगितलं की घाबरू नको, घरादाराची राखण करून घे. त्याच सुमारास गाडीनेही एकदोनदा दगा दिला होता, म्हणून बस्त्यावने येऊन पेट्रोलचा पंप उघडून साफ केला आणि आबांना सांगितलं, आता बिनघोर राहा, चेडवाला, म्हणजे लेकीला, कधीही घेऊन जा.

त्यानंतरच्या आठवड्यात देव समुद्रस्नानाला गेले. आमच्याकडे देवाची तरंगं, म्हणजे साड्या नेसवलेले उंच खांब, वाजतगाजत किनाऱ्यावर नेतात, त्यांना समुद्राचं स्नान घालतात, आणि त्या जागचं पाणी लोक तीर्थ म्हणून घरी आणतात. काकीने तांब्या भरून आणला. त्यात तुळशीची पानं घातली. ते पाणी तिने घरात शिंपडलं, गोठ्यात शिंपडलं, शालनच्या डोक्याला लावलं. मग दुपारी आबा पडले असताना ती अंगणात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वसंता, गाडयेचा झाकण उघड."

मी म्हटलं, वरून शिंपड. ती म्हणाली, "वरसून नको. जयसून ती चलता थंय घालूया. शालूक तीच नेतली मां?"

इंजिनात पाणी जाता कामा नये हे मला बस्त्यावने शंभरदा सांगितलं होतं. पण काकीच्या चेहऱ्याकडे पाहून मला नाही म्हणवेना, आणि ओंजळभर पाण्याने काय होणार असंही वाटलं. मी बॉनेट उचलून धरलं. तिने डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि उरलेला तांब्या रिकामा केला. मी घाईघाईने फडक्याने पुसलं. जाताना ती म्हणाली, "आबांका सांगू नको. आणि त्या बस्त्यावाक तर मुळीच नको, तो हसतलो." इंजिन चालू करून बघावं असं मनात आलं होतं. आवाजाने आबा उठतील म्हणून केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनला कळा सुरू झाल्या. थोड्या वेळाने सुईण बाहेर आली आणि म्हणाली, मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं नाही, सावंतवाडीला न्या. मी सेल्फ दाबला. गाडी घुरघुरली, पेटली नाही. हँडल मारलं. चार गडी लावून अंगणातून रस्त्यापर्यंत ढकलली. काही नाही. सकाळची एसटी निघून गेली होती, गावातली दुसरी गाडी बेळगावला. आबांनी गडी पळवला, आणि बस्त्याव सायकल मारीत आला. पाठीला पेटी बांधलेली होती. आतून शालनचं विव्हळणं ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला फूटबोर्डवर न बसता, उभ्यानेच विचारताना पाहिलं.

"काल काय केलंस?"

काकी दारात उभी होती. आबा माझ्या शेजारी. मी म्हटलं, "काय नाय."

एवढंच बोलून थांबलो असतो तर आज मला काकीच्या शब्दामागे लपता आलं असतं. पण मी घाबरलो होतो, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढे म्हटलं, "पेट्रोल येत नाय असा वाटता."

हे मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. पाण्याबद्दल गप्प राहा, असं काकी म्हणाली होती. पेट्रोलचं माझ्या पदरचं.

बस्त्यावचा चेहरा उतरला. पंप त्याच्याच हातचा. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. पंप खोलला. पडदा तपासला, जाळी पाहिली, फुंकून पाहिली. स्वच्छ होतं. तरी त्याला खरं वाटेना. त्याने ते पुन्हा जोडून पुन्हा खोललं. मग कार्बोरेटर उतरवला. मी बाजूला उभा राहून पाने देत होतो. मला सांगता आलं असतं. प्रत्येक पाना देताना सांगता आलं असतं. ऊन अंगणातून ओसरीवर चढलं, आणि आतला आवाज बारीक होत गेला.

शेवटी तो करंटकडे वळला. प्लगांना करंट वाटून देणारी एक काळी टोपी असते, ती त्याने काढली. आतल्या ओलीवर बोट फिरवलं आणि सवयीने जिभेला लावलं. मग तो तसाच वाकलेला राहिला. टोपीखालच्या खाचेत काहीतरी चिकटलं होतं, ते त्याने दोन बोटांनी उचललं. तुळशीचं पान. देव काल समुद्रावर गेले होते हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याने मान वर करून दारात उभ्या काकीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे, आणि आबांची नजर वळायच्या आत ते पान सदऱ्याच्या खिशात टाकलं. पेट्रोलच्या बोळ्याने टोपी पुसली, कोरड्या फडक्याने घासली, बसवली. पहिल्या हँडलला गाडी सुरू झाली.

काकी हात जोडून म्हणाली, "पावलो रे देवा."

शालन संध्याकाळी गेली. विजू वाचला. सावंतवाडीचे डॉक्टर आबांना म्हणाले की थोडं आधी आणलं असतं तर कदाचित. कदाचित हा शब्द वाटेतच कुठेतरी गळला. गावात पोचलं ते एवढंच की थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती.

दिवसकार्य झाल्यावर आबांनी बस्त्यावला बोलावलं. ओसरीवर चारपाच माणसं होती. मी खांबाला टेकून उभा होतो. आतल्या दाराच्या चौकटीआड काकी बसली होती, तिच्या लुगड्याचा काठ बाहेरून दिसत होता. बस्त्याव अंगणात उभा राहिला, पायरी चढला नाही.

आबा म्हणाले, "बस्त्याव, माका एकच सांग. गाडी कित्याक चालू जाय नाय होती?"

मला वाटलं, आता तो सांगणार. खरं सांगायचं तर आता सुटलो असंही मला वाटलं. बस्त्यावने एकदा त्या दाराकडे पाहिलं.

"पंपात कचरो होतो, आबानू. माझ्या हातान रवलो. चूक माझी."

"पंप तूच तेच्या आदल्या आठवड्यात साफ केललंस."

"होय. म्हणानच सांगतंय."

कोणी त्याला उलट विचारलं नाही. पाद्रींच्या मोटारसायकलची चूक पायऱ्यांवर उभं राहून सांगणारा माणूस; त्याने चुकलो म्हटल्यावर शंका कोण घेणार? आबांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, "तुका भावासारखो वागवलंय. ह्या अंगणात परत पाय घालू नको." बस्त्यावने माझ्याकडे पाहिलंच नाही. मग वळून गेला.

काकीला तांब्यातल्या पाण्याने काय केलं ते कधीच कळलं नाही. तिचा समज उलटा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची की देवाने आपलं काम केलं, अखेर गाडी सुरू झाली ती तीर्थानेच. उशीर केला तो त्या मेस्त्रीने. लोकांनी त्यात भर घातली. सकाळी येताना त्याच्या तोंडाला वास येत होता असं म्हणणारे दोघे निघाले. मी त्याच्या शेजारी उभा होतो, वास पेट्रोलचा होता. आबांचा शब्द मोठा, त्यामुळे एकेक गाडीवाला दुसरीकडे जाऊ लागला. पावसाळ्यानंतर खोपीची झापं बदलली गेली नाहीत. रेडीला खनिजाचे ट्रक धावत होते, तिथे त्याला काम मिळालं आणि कातरीनीला घेऊन तो गेला.

मी गाडी चालवणं सोडलं आणि सावंतवाडीला एका वखारीत कारकुनी धरली. विजू काकीच्या हाताखाली वाढला. तो शाळेत जायला लागला त्या वर्षी मी वखारीच्या कामाने रेडीला गेलो. काम होतं खरं, पण ते मी मागून घेतलं होतं. बस्त्याव एका ट्रकखालून बाहेर आला. केसांपासून नखांपर्यंत लाल धूळ. मला पाहून त्याने हात पुसले आणि पहिलं विचारलं ते विजूचं.

"पोर कसो आसा रे?"

मी सांगितलं, बरा आहे, औंदा शाळेत घातला. आवशीसारखा, शालनसारखा, दिसतो का, म्हणून त्याने विचारलं. डोळे तसेच आहेत, मी म्हटलं. मग मी धीर करून म्हटलं, "बस्त्याव, मी आबांका सगळा सांगतंय."

"काय सांगतलंस?"

"पाण्याचा."

"आणि पेट्रोलाचा?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. विचारलं, "वयनी बरी आसत मां?"

"आसत."

"मगे आताच काय बोला नको. चेडवाचा दुःख आसा तां पुरे झाला त्येंका. आपल्याच हातान झाला असा कळला तर ती बाय जगाची नाय." तो ट्रकच्या चाकाला टेकला. "त्येंच्या मागसून सांग. पण सांग रे, वसंत्या. कातरीन लाजेन म्हायेराक जाणा नाय. तिका पण वाटता, मीच चुकलंय. मी तिका सांगूक नाय. बायकांच्या तोंडातसून भायर पडता."

मी शब्द दिला. त्याने मला चहा पाजला, ट्रकवाल्यांना ओरडून सांगितलं की हा माझ्या गावचा, आणि रेडीपासून पणजीपर्यंत आपल्यासारखा मेस्त्री नाही हेही सांगितलं. ते हसले. या वेळी तो रागावला नाही.

आबा त्यानंतर गेले. काकी आणखी काही वर्षं होती. शेवटी तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. विजूला ती शालू म्हणायची. काकी गेली तेव्हा मुलगा नाही म्हणून अग्नी मी दिला.

त्या दिवसापासून बोलायला मी मोकळा होतो. बस्त्याव त्यानंतरही काही वर्षं जिवंत होता. तो मेल्याचं मला महिन्यांनी कळलं, आणि कातरीन गोव्याला भावाकडे गेल्याचंही. मधल्या काळात मी कारणं शोधत गेलो. विजू लहान आहे, मग विजूची परीक्षा, मग विजूची नोकरी. काकी असेपर्यंत माझ्या गप्प राहण्याला निदान तिचं नाव होतं. पुढे ते फक्त माझं होतं. पाण्याचं सांगितलं की पेट्रोलचं सांगावं लागणार, आणि ते एक वाक्य माझ्याने म्हणवत नव्हतं.

मी प्रयत्न केलाच नाही असं मात्र नाही. काकीचे दिवस झाले त्याच आठवड्यात मी रेडीला गेलो होतो. आधी त्याला सांगायचं, मग त्याला बरोबर घेऊन गावी यायचं, ओसरीवर चार माणसं बोलवायची आणि त्याच्यासमोर बोलायचं, असं ठरवून निघालो होतो. दुपारची वेळ. एसटीतून उतरलो तर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपुढे बाकावर तो एकटा बसला होता. खूप थकलेला दिसला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, हातात चहाचा ग्लास. त्याने वर पाहिलं. मला ओळखायला त्याला वेळ लागला, कारण माझं डोकं तुळतुळीत होतं. क्षौर होऊन थोडेच दिवस झाले होते.

मग त्याला ते डोकं दिसलं. त्याने ग्लास खाली ठेवला आणि सावकाश छातीवर क्रूस काढला. काकी गेली हे मला सांगावं लागलं नाही. रस्ता ओलांडायला दहा पावलंही नव्हती. तो बाकावर एका टोकाला सरकला, मोकळ्या झालेल्या जागेवरची लाल धूळ त्याने तळहाताने झाडली, आणि माझ्याकडे न बघता समोर बघत बसला.

मी आलो ती एसटी वळवून परत निघत होती. कंडक्टरने घंटी मारली. मी मागे फिरलो आणि तिच्यात चढलो. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून तो दिसला. बाकाच्या त्या टोकालाच होता, बाजूची जागा तशीच मोकळी.